सतरा नंबरचा आवाज

टकटकबाईंना घाबरलेलं पाहण्याचं भाग्य आमच्या गावात फार थोड्यांना लाभलं, आणि त्यातला मी एक आहे. हे सांगताना मला जरासा आनंद होतोय, लपवत नाही. जरासाच. कारण पुढे जे झालं ते पाहताना माझीही पाचावर धारण बसली होती.

मी पियानो लावतो. वाजवत नाही, ढिल्या पडलेल्या तारा किल्लीनं पिळून सुरावर आणतो. या धंद्यात डोकं पियानोच्या पोटात असतं आणि कान बाहेर असतात. त्यामुळे चाळीस वर्षांत कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाची सून माहेरी का गेली, हे मला न विचारता कळत आलंय. लोकांना वाटतं, डोकं आत असलेल्या माणसाला ऐकू येत नाही. वाटू दे.

शाळेतली संगीताची खोली तळमजल्यावर, व्यायामशाळेला लागून. भिंतीपलीकडून चेंडूचे धपके येत असतात. मुलांना उभं राहायला तीन लाकडी पायऱ्या, कोपऱ्यात काळा उभा पियानो, आणि दारासमोर काचेचं कपाट. कपाटात तेरा ढाली. समूहगानाच्या स्पर्धेतल्या, ओळीनं तेरा वर्षांच्या. काच शिपाई पुसत नसे. टकटकबाई, म्हणजे संगीताच्या बाई, स्वतः पुसत, आणि पुसताना कुणी पाहतंय ना, याची खात्री करून घेत.

बाईंचं वय त्रेपन्न, पाठ फुटपट्टीसारखी, उजव्या हातात जाड अंगठी. मुलांचा सूर घसरला की त्या अंगठी पियानोच्या झाकणावर आपटत. टक. पुन्हा घसरला की टकटक. त्या आवाजानं पोरं गप्प व्हायचीच, पण भिंतीपलीकडचा चेंडूही थांबतो असं मला कित्येकदा वाटलंय. एकदा एक वडील तक्रार घेऊन आले होते, पोराला मागच्या रांगेत का उभं केलं म्हणून. पाच मिनिटांनी बाहेर आले ते बाईंची माफी मागून, आणि वर माझीही मागून. माझा काय संबंध?

तर अशा बाईंच्या हातात मुख्याध्यापिकेनं एक परिपत्रक ठेवलं. वरच्या वर्गांना संगीत शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी हवी. बाईंकडे तीस वर्षांपूर्वीचं बी. ए. आणि संगीत विद्यालयाचं चौकटीतलं प्रमाणपत्र.

“आणि नाही केली तर?” बाईंनी विचारलं.

“तर दोन वर्षांनी तुमच्याकडे ग्रंथालय. माझ्या हातात काही नाही हो,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. हातात काही नाही हे वाक्य त्या दोन्ही हात टेबलाखाली घेऊन म्हणायच्या.

घरी बातमी कळली. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान, माणूस शांत, तो म्हणाला, “कर की, तुला काय अवघड आहे?” सासूबाई ब्याऐंशीच्या, हवं तेवढंच ऐकू येणाऱ्या. त्यांना मात्र हे पहिल्या फटक्यात ऐकू आलं. “बरं झालं. इतकी वर्षं लोकांच्या पोरांना नापास केलंस, आता बस तू बाकावर.”

अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठीच होता. शनिवारी कॉलेज, बाकीचे दिवस स्वतःचाच वर्ग. बाईंना वाटलं, नोट्स असतील, घोकू, लिहू, मोकळ्या होऊ. पण शिकवायला आला तो एकोणतीस वर्षांचा, खेळाचे बूट घातलेला एक सर. पहिल्याच दिवशी म्हणाला, “इथं पाठ करण्यासारखं काही नाही. तुम्ही काय शिकवता ते मला नकोय. तुम्ही शिकवता तेव्हा मुलं काय करतात, ते आणा.”

वर्गातल्या बाकीच्या पोरी पंचविशीतल्या. त्या बाईंना काकू म्हणायला लागल्या. “काकू, तुम्हाला टेन्शन येतं का हो?” बाई म्हणायच्या, “मला? छे.” आणि तेव्हा खरंच येत नव्हतं. पहिलं वर्ष त्यांनी रुबाबात काढलं.

दुसऱ्या वर्षी तो प्रकल्प आला. समूहात गाणाऱ्या प्रत्येक मुलाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा. काडेपेटीएवढं यंत्र कापडी पिशवीत घालून मुलाच्या गळ्यात अडकवायचं, रोज एका मुलाच्या, आणि वर्ग नेहमीसारखा घ्यायचा. नावं लिहायची नाहीत, नंबर द्यायचे. मग एकेकाचं ऐकून तक्ता करायचा, कोण कुठं चुकतो आणि त्यावर आपण काय करणार. तो तक्ता आणि रेकॉर्डिंग जमा केलं की परीक्षक थेट वर्गात येऊन पाठ पाहणार. डिग्री अडली असेल तर ती एवढ्यावर.

बाई खूश. चौतीस मुलं, तेरा ढाली, भीती कसली?

रोज दुपारी शाळा सुटली की त्या जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकू लागल्या. नंबर एक, छान. नंबर दोन, थोडा नाकात, पण छान. नंबर तीनमध्ये काहीच नव्हतं. लांबून पियानो, लांबून बाकीची पोरं, बाईंचा स्वतःचा आवाज. जवळून फक्त कापड घासल्याचा आवाज आणि श्वास.

तीन नंबरचं बाईंना नवल वाटलं नाही. इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल त्या मुलाला काही आजार होता. समूहगान बसवणाऱ्यांकडे एक जुनं औषध असतं. एखाद्या पोराचा सूर काही केल्या बसत नाही, स्पर्धा तोंडावर आलेली असते, मग त्याला बाजूला घेऊन लाडानं सांगायचं, “राजा, तू नुसते ओठ हलव हं.” हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. एक शिक्षक दुसऱ्याच्या कानात सांगतो. बाईंनी या वर्गातल्या चौघांना असं सांगितलं होतं. पोरं त्यांना ओठवाले म्हणत.

पण सहा नंबरचंही रेकॉर्डिंग मुकं निघालं, आणि सहा नंबर ओठवाला नव्हता. मग नऊ. बाईंनी यंत्र नवऱ्याकडे दुकानात नेलं. “बिघडलंय हे.” त्यानं चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरनं ते उघडलं, बंद केलं, तोंडाशी धरून म्हणाला, “हॅलो, हॅलो, आजी, जवळचं दिसतं का?” आणि परत लावलं. खणखणीत ऐकू आलं. दुकानात बसलेल्या खऱ्या आजींनी उत्तरही दिलं, “नाही दिसत.”

यंत्र ठीक होतं. त्या दिवशी दुकानातून घरी येताना बाईंनी वाटेत ते दोनदा कानाशी लावून पाहिलं.

चौतीसच्या चौतीस झाले तेव्हा मुकी निघाली अकरा. चौघांना त्यांनी सांगितलं होतं. उरलेल्या सात जणांना कुणी सांगितलं?

आणि या सातांत सतरा नंबर होती. पहिल्या पायरीवरची, दोन वेण्यांची, बोरूसारखी सरळ उभी राहणारी मुलगी. तिचं तोंड असं सुरेख गोल उघडायचं की बाई बाकीच्यांना सांगत, “हिच्याकडे बघा, गाणं असं असतं.” बाईंनी तिचं रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं. श्वास आत, श्वास बाहेर, सगळा अगदी चालीत. मग लांबून अंगठीचा आवाज यायचा, टक. आणि तो आला की या मुलीचा श्वास थांबायचा. बाईंनी घड्याळ लावून मोजलं. चार सेकंद. दुसऱ्या वेळी पाच.

सासूबाई आतून ओरडल्या, “कोण धापा टाकतंय गं?”

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी सतरा नंबरला खोलीत बोलावलं. मुलगी दारातच उभी राहिली.

“तू गात नाहीस?”

“गाते की, बाई.”

बाईंनी टेबलावर यंत्र ठेवलं. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला.

“खरं सांग. रागावणार नाही.”

“मला येतं, बाई. पण चुकलं तर तुम्ही ओठवाल्यांत घालाल ना? म्हणून मी आधीपासूनच नुसतं तोंड करते. मग चुकतच नाही.”

“आधीपासून म्हणजे कधीपासून?”

“दुसरीपासून.”

मुलगी आता सहावीत होती. बाई खुर्चीवर बसल्या. आपल्याला बसावं लागलं याचंच त्यांना जास्त भय वाटलं. “आणखी कुणाला माहीत आहे हे?”

“सगळ्यांना,” मुलगी म्हणाली. “म्हणजे, तुम्ही सोडून.”

आता खरं तर इथंच गोष्ट संपायला हवी होती. बाईंनी अकराची अकरा मुकी रेकॉर्डिंगं नेऊन त्या बुटवाल्या सरापुढे ठेवायची, की हे बघा, मुलं काय करतात ते. पण सोमवारी फाईल जमा करायची होती, समोर ग्रंथालय दिसत होतं, आणि तेरा ढाली होत्या. तेरा वर्षं ज्या काचेत आपला चेहरा पाहिला तिच्यात आता काय दिसणार? बाई घाबरल्या, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. जे चांगले गाणारे होते त्यांच्याच गळ्यात यंत्र पुन्हा अडकवलं. वर्गात भोंगा नावाचा एक मुलगा होता, त्याला तर गायला कारणच लागत नसे. तो दोनदा गायला. “बाई, माझं झालंय की.” “गप. पुन्हा.” सतराच्या जागी सोळा नंबरचा आवाज बसवला. तक्ता काय सुरेख दिसायला लागला म्हणता! सरांचा निरोप आला, “काकू, सतरा नंबर अप्रतिम.”

त्या दिवसापासून बाईंचं अन्न गोड लागेना. दाराची बेल वाजली की दचकायच्या. नळ सुरू ठेवून निघून जायच्या. वर्गात अंगठीचा हात वर जायचा आणि तसाच खाली यायचा, कारण आपटला की कुणाकुणाचा श्वास थांबतो ते आता त्यांना माहीत होतं. सासूबाईंनी मुलाला बोलावून सांगितलं, “ही चार दिवस मला उलट बोललेली नाही. डॉक्टरला दाखव.”

परीक्षेच्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. पियानो ऐनवेळी दगा द्यायला नको म्हणून. मी झाकण काढून आत डोकं घातलं आणि बाईंनी वर सांगितलेलं सगळं मला सांगितलं, माझ्या पाठीला. शेवटी म्हणाल्या, “आता काय होईल?”

“काही होत नाही,” मी म्हणालो. “चौतीस पोरं एकदम गाणार. त्यातला सतरावा कोण, कुणाच्या बापाला कळतंय?”

माझा सल्ला कुणी घेऊ नये.

परीक्षक दोन. एक तो सर, दुसऱ्या एक पोक्त बाई, जाडजूड, गळ्यात साखळीला चष्मा, बसल्या की खुर्ची कण्हली. मुख्याध्यापिका त्यांच्या शेजारी. मी जायला हवं होतं. पण एक तार नीट बसत नाही असं पुटपुटत पियानोमागं राहिलो. तार उत्तम बसली होती.

मुलांनी गाणं म्हटलं. चांगलंच म्हटलं. अंगठी वाजली नाही. परीक्षकबाईंनी फाईल उघडली, पानं चाळली, चष्मा नाकावर घेतला.

“छान. आता मला सतरा नंबरला एकटीला ऐकायचंय. हिचं रेकॉर्डिंग मी घरी पुन्हापुन्हा ऐकलं. कोण गं सतरा नंबर?”

मी पियानोच्या फटीतून बाईंकडे पाहिलं. माणसाचा चेहरा पांढरा होतो म्हणतात; बाईंचा झाला नाही. त्यांचा चेहरा बंदच झाला, दुकानासारखा. शेजारच्या खोलीत चेंडू धप धप चालला होता.

वेण्यांची मुलगी पायरीवरून खाली आली. तिनं बाईंकडे पाहिलं, मग परीक्षकांकडे. हात पाठीमागं बांधले. तोंड उघडलं, तसंच सुरेख, गोल. आणि तसंच उघडं राहिलं.

“घाबरू नकोस हं,” परीक्षकबाई म्हणाल्या.

तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. माझ्या जागेवरून तिचे पाठीमागचे हात दिसत होते. ती एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं अशी पिळत होती की मला पाहवेना. मुख्याध्यापिका गोड हसून म्हणाल्या, “लाजते. अगं म्हण की, रोज म्हणतेस ते.” तिचे डोळे भरले आणि ती तशीच उभी राहिली, चुकायची सोय नसलेल्या जागी.

“बस तू, बाळा,” बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की दोनदा म्हणावं लागलं. “जागेवर जा. तुझं काही चुकलेलं नाही. मॅडम, तो आवाज हिचा नाही.”

“म्हणजे?”

“सोळा नंबरचा आहे. मी घातला.”

“आणि हिचा?”

बाईंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं, त्यातून ते यंत्र. त्यातलं मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचा धीर त्यांना झाला नव्हता. “हा. यात काही नाही.”

“ऐकवा.”

आणि मग सगळ्या वर्गानं ते ऐकलं. श्वास आत, श्वास बाहेर. लांबून गाणं. टक. आणि काहीच नाही. एक, दोन, तीन, चार. पायरीवरून भोंगा कुजबुजला, “ही मेली की काय?” कुणी हसलं नाही. दुसरी टक झाली तेव्हा मी पाहिलं, पायऱ्यांवरच्या बऱ्याच पोरांनी खांदे आत ओढून घेतले. रेकॉर्डिंगमधल्या आवाजाला.

“अशी किती आहेत?” परीक्षकबाईंनी विचारलं.

“अकरा.”

सरांनी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली आणि बराच वेळ बांधली. मुख्याध्यापिका कपाटाकडे पाहत होत्या. परीक्षकबाईंनी फाईल मिटली, त्यावर पेनानं आडवी रेघ ओढली. “ही मी घेऊ शकत नाही. तुम्हालाही माहीत आहे. एक महिना देते. या अकरांची फाईल आणा. तुम्ही पियानोला हात लावायचा नाही आणि मुलांबरोबर गायचं नाही. नाही जमलं तर डिग्रीचा विषय संपला.”

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो, डिग्री मिळाली. सगळ्यात खालच्या श्रेणीत. चौदावी ढाल दुसऱ्या शाळेत गेली आणि मुख्याध्यापिका आठवडाभर बाईंशी लेखी बोलल्या. पण त्या महिन्यातले दिवस कसे गेले ते मला बाईंनीच सांगितलं, पुढच्या वेळी माझं डोकं आत असताना.

अकरा जणांना त्या रोज मधल्या सुट्टीनंतर बोलवायच्या. अकरा जण यायचे, अर्धवर्तुळात उभे राहायचे आणि गप्प. बाई म्हणायच्या, “चुकलं तरी चालेल.” पोरं मान हलवायची. त्यांनी हे वाक्य आयुष्यात खूपदा ऐकलं होतं. बाईंनी अंगठी घरी ठेवली. काही नाही. मुलांना बसू दिलं. काही नाही. अकरा दिवस गेले, पंधरा गेले. शनिवारी सरांनी विचारलं, “काही आलं?” बाई म्हणाल्या, “श्वास आलाय.”

“मला रोज सकाळी वाटायचं, आज शाळेत जाऊच नये,” बाई माझ्या पाठीला म्हणाल्या. “अकरा-बारा वर्षांची पोरं हो. आणि मी दाराची कडी धरून उभी राहायचे.”

विसाव्या दिवशी तीन नंबरनं, अगदी पहिल्या ओठवाल्यानं, विचारलं, “बाई, आम्ही नाही गायलो तर तुम्हाला काढतील?”

“संगीतातून काढतील. पुस्तकं देतील सांभाळायला.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंना भय वाटलं, आता ही दया म्हणून तोंडं हलवतील.

“तुम्ही आमच्याकडे बघता ना,” सतरा नंबर म्हणाली, “म्हणून होत नाही.”

“मग डोळे मिटू?”

“नको. तुम्ही मिटले तरी कळतं. तुम्ही तिकडे तोंड करा. भिंतीकडे.”

बाई वळल्या. नाकासमोर भिंत. ती कापडी पिशवी त्यांनी स्वतःच्याच गळ्यात अडकवली होती, यंत्र सुरू होतं. मागं बूट करकरला. कुणीतरी खोकलं. कुणीतरी कुणाला तरी ढकललं. “तू आधी.” “तू.” मग पुन्हा शांतता, आणि त्या शांततेत बाईंना पहिल्यांदा कळलं की आपणच श्वास धरून उभ्या आहोत. तो सोडला तर पोरांना कळेल. नाही सोडला तरी खांद्यांवरून कळेल; पोरं खांदे वाचतात.

मग मागून एक आवाज आला. बारीक, किनरा, सुरापासून चांगलाच खाली. सतरा नंबरचा होता की तीनचा, की आणखी कुणाचा, बाईंना ओळखता येईना. त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. पहिली ओळ अर्धी झाली आणि आवाज घसरला, अगदी जिथं हमखास घसरतो तिथं. बाईंच्या पाठीतून कळ गेली. त्यांनी मान ताठ ठेवली, दोन्ही हात भिंतीला टेकवले, बोटं पसरून, आणि रंगाचा एक पोपडा निघाला होता त्याच्याकडे डोळे लावून उभ्या राहिल्या.

आवाज थांबला. बाई वळतात का, ते पाहत होता.

बाई हलल्या नाहीत. आवाज पुन्हा सुरू झाला, तिथूनच, तसाच चुकत, आणि त्याच्या बाजूला दुसरा.